तबकडीवरचे नाव, तबकडीमागचे हात : सोल, फंक आणि बंगळूर

टिपणाचा हेतू

इतिहासाचे साधन म्हटले की आपल्यासमोर ताम्रपट, बखर, सरकारी दप्तर किंवा जुने वर्तमानपत्र येते. ग्रामोफोनची तबकडीही तसेच साधन आहे. ती कोणत्या वर्षी निघाली, कोणत्या कंपनीने काढली, वेष्टनावर कोणाची नावे आहेत आणि कोणाची नाहीत, हे प्रश्न आपण तबकडीलाही विचारू शकतो. या टिपणात सोल आणि फंक या संगीतप्रकारांतील ऐकण्याजोगे काही आल्बम आपण पाहू. त्यांची सुरुवात अमेरिकेत झाली, पण कथेचा मोठा भाग बंगळूर आणि मुंबईतून जातो. वाचताना एक प्रश्न सतत जवळ ठेवा : संगीत घडवणारे कोण होते आणि नाव कोणाचे राहिले?

१. सोल आणि फंक म्हणजे काय?

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील भक्तिगीतांना गॉस्पेल म्हणतात. मुख्य गायकाने एक ओळ म्हणायची आणि समुदायाने तिला उत्तर द्यायचे, ही त्याची रीत. पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी झील धरतात किंवा भजनात टाळकरी ओळ उचलून धरतात, ते आठवले तर ही रीत लगेच कळेल. १९५४ मध्ये रे चार्ल्स या गायक-पियानोवादकाने गॉस्पेलचा हा आवेश प्रेमगीतात आणला. ‘आय गॉट अ वुमन’ हे ते गाणे. चर्चच्या चालीवर ऐहिक शब्द घातले म्हणून अनेक भाविक नाराज झाले, पण याच मिश्रणातून सोल उभे राहिले.

फंक हे सोलचेच पुढचे रूप असून त्यात सुरावटीपेक्षा तालाला महत्त्व आहे. चार मात्रांचे आवर्तन मोजा : एक, दोन, तीन, चार. त्या काळच्या बहुतेक अमेरिकन नृत्यसंगीतात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ठळक आघात असे. जेम्स ब्राऊनने सारा भार पहिल्या मात्रेवर टाकला. आपल्या भाषेत सांगायचे तर त्याने वादकांना समेवर एकत्र यायला लावले आणि सम सोडल्यावर प्रत्येकाला आपापला तुकडा वाजवू दिला. १९६५ चे ‘पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग’ आणि १९६७ चे ‘कोल्ड स्वेट’ ऐकताना टाळी धरून पाहा. गिटार, ब्रास आणि बास ही सगळीच वाद्ये ढोलासारखी वाजवलेली ऐकू येतील.

२. अमेरिकेतील सहा आल्बम

यादी मोठी होऊ शकते. इतिहासाच्या अभ्यासासाठी सहा पुरेत.

*जेम्स ब्राऊन, ‘लाइव्ह ॲट द अपोलो’ (१९६३).* २४ ऑक्टोबर १९६२ रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील अपोलो थिएटरात झालेल्या कार्यक्रमाचे हे ध्वनिमुद्रण. कंपनीच्या मालकाला ही कल्पना पटली नव्हती, म्हणून खर्च ब्राऊनने स्वतः केला. यात प्रेक्षकांच्या आरोळ्या हेही एक वाद्यच आहे.

*अरीथा फ्रँकलिन, ‘आय नेव्हर लव्ह्ड अ मॅन द वे आय लव्ह यू’ (१९६७).* डेट्रॉइटच्या एका धर्मोपदेशकाची ही मुलगी. आल्बममधील ‘रिस्पेक्ट’ मूळचे ओटिस रेडिंगचे. घरी परतलेला पुरुष बायकोकडे मान मागतो, असे ते गाणे होते. अरीथाने तेच स्त्रीच्या तोंडी दिले आणि मागणीचा अर्थ उलटला. नागरी हक्कांच्या चळवळीने आणि स्त्रीचळवळीनेही ते आपले मानले.

*मार्व्हिन गे, ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ (१९७१).* व्हिएतनामचे युद्ध, पोलिसांचा दंडुका, शहरातील गरिबी आणि प्रदूषण हे याचे विषय. प्रेमगीतांवर उभ्या असलेल्या मोटाउन कंपनीचे प्रमुख बेरी गॉर्डी सुरुवातीला नाखूश होते. या आल्बमची आणखी एक बाब आपल्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे. मोटाउनची असंख्य गाणी वाजवणाऱ्या ‘फंक ब्रदर्स’ या वादकसंचाची नावे वेष्टनावर छापण्याची सुरुवात येथून झाली. बासवादक जेम्स जेमर्सनची बोटे जगाने वर्षानुवर्षे ऐकली होती. नाव मात्र १९७१ मध्ये वाचले.

*स्लाय अँड द फॅमिली स्टोन, ‘देअर्स अ रायट गोइन ऑन’ (१९७१).* कृष्णवर्णीय आणि गोरे, स्त्रिया आणि पुरुष अशा मिश्र संचाचा हा आल्बम. साठच्या दशकातील आशा ओसरल्यावरचा थकवा यात ऐकू येतो. तालयंत्राचा लक्षणीय वापर करणाऱ्या सुरुवातीच्या आल्बमांपैकी हा एक.

*कर्टिस मेफिल्ड, ‘सुपर फ्लाय’ (१९७२).* हे एका चित्रपटाचे संगीत. पडद्यावर अमली पदार्थ विकणारा नायक रुबाबात वावरतो आणि गाणी मात्र त्या धंद्याची किंमत सांगतात. संगीत चित्रपटाशीच वाद घालते, असे उदाहरण विरळा.

*पार्लमेंट, ‘मदरशिप कनेक्शन’ (१९७५).* जॉर्ज क्लिंटनच्या या संचात जेम्स ब्राऊनकडून आलेले बासवादक बूट्सी कॉलिन्स, तसेच मॅसिओ पार्कर आणि फ्रेड वेस्ली होते. कृष्णवर्णीयांना अवकाशयानात बसवणारी ही कल्पना वरवर गमतीची वाटते. ज्यांना शहराच्या चांगल्या वस्तीतही जागा नाकारली जाई त्यांच्यासाठी आकाशात जागा मागणे, हा त्या गमतीचा गाभा.

आता श्रेयाचे एक कटू उदाहरण. १९७० मध्ये निघालेल्या जेम्स ब्राऊनच्या ‘फंकी ड्रमर’मध्ये क्लाइड स्टबलफील्डने वाजवलेला काही सेकंदांचा ठेका पुढे हिप-हॉपमधील असंख्य गाण्यांत कापून वापरला गेला. गाण्याचे हक्क ब्राऊनच्या नावावर होते. ठेका ज्याच्या हातातून आला त्याला त्या वापराचा मोबदला मिळाला नाही.

३. बंगळूर : पेठ आणि लष्कर

मराठी वाचकाला जुने बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीमुळे माहीत असते. ते पेठेचे बंगळूर. आपली कथा दुसऱ्या बंगळुरातील आहे. १७९९ मध्ये टिपू सुलतानाचा पाडाव झाल्यावर इंग्रजांनी १८०९ मध्ये येथे लष्करी छावणी वसवली. पेठ आणि छावणी ही जवळजवळ दोन शहरे होती. त्यांची पालिकाही वेगळी होती आणि १९४९ मध्ये ती एकत्र आली. छावणीच्या भागात चर्च, कॉन्व्हेंट शाळा, अँग्लो-इंडियन कुटुंबे, क्लब आणि नृत्यगृहे होती. पाश्चात्त्य वाद्ये शिकलेले वादक तेथे तयार होत आणि त्यांना काम देणारी हॉटेलेही तेथेच होती. परदेशी तबकड्यांची आयात अवघड असताना नवी इंग्रजी गाणी ऐकण्याचा हमखास मार्ग म्हणजे रेडिओ सिलोन.

१९४०च्या दशकात या शहरात जन्मलेल्या एका मुलाने साठच्या दशकात गिटार हाती घेऊन ‘द ट्रोजन्स’ हा संच काढला. त्याचे नाव बिद्दू अप्पय्या. घराणे कोडगूचे. हॉटेलांत आणि क्लबांत गाऊन झाल्यावर साठच्या दशकाच्या उत्तरार्धात तो मध्यपूर्वेतून प्रवास करत लंडनला पोहोचला.

४. बिद्दू आणि ‘ब्लू आइड सोल’

लंडनमध्ये बिद्दूने निर्माता म्हणून जम बसवला. निर्माता म्हणजे येथे पैसे पुरवणारा माणूस नव्हे. गाणे निवडणे, वादक ठरवणे आणि ध्वनिमुद्रणाला रूप देणे हे त्याचे काम. १९७४ मध्ये जमैकात जन्मलेला गायक कार्ल डग्लस याच्या एका गाण्याचे मुद्रण होते. तबकडीच्या दुसऱ्या बाजूसाठी काहीतरी हवे म्हणून वेळ संपत आला असताना डग्लसने लिहिलेले ‘कुंग फू फायटिंग’ घाईने मुद्रित झाले. कंपनीला दुसरी बाजूच अधिक आवडली. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये ते ब्रिटनमध्ये आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. जमैकाचा गायक, बंगळूरचा निर्माता, लंडनचा स्टुडिओ, हाँगकाँगच्या चित्रपटांची लाट आणि अमेरिकेचा बाजार : या एका गाण्यात जगाचा नकाशा आहे.

१९७५ मध्ये बिद्दू ऑर्केस्ट्राचा ‘ब्लू आइड सोल’ हा आल्बम निघाला. ‘निळ्या डोळ्यांचे सोल’ हा शब्दप्रयोग गोऱ्या कलावंतांनी गायलेल्या सोलसाठी वापरला जाई. कोडगूच्या माणसाचे डोळे काही निळे नव्हते. सोल कोणाचे, हा वाद काळे आणि गोरे अशा दोनच बाजूंनी मांडला जात असताना एक तिसराच माणूस ते शीर्षक लावून बसतो, हे लक्षात घ्या. आल्बममध्ये व्हायोलिनचे मोठे ताफे, स्थिर ठेका आणि त्याखाली चालणारा बास आहे. त्यातील ‘समर ऑफ ’४२’ ब्रिटनमध्ये गाजले. हे संगीत फंककडून डिस्कोकडे सरकते आहे. १९७६ चा ‘रेन फॉरेस्ट’ ऐकला की ते सरकणे पूर्ण झालेले कळते.

हे आल्बम कोणासाठी होते? त्या काळी उत्तर इंग्लंडातील कामगार वस्त्यांत ‘नॉर्दर्न सोल’ नावाची नृत्यसंस्कृती होती. आठवडाभर कारखान्यात राबलेली मुले शनिवारी रात्रभर अमेरिकन सोलच्या दुर्मीळ तबकड्यांवर नाचत. विगन कसिनो हा १९७३ मध्ये सुरू झालेला तिचा प्रसिद्ध अड्डा. एखादी दुर्मीळ तबकडी हाती लागली की प्रतिस्पर्ध्याला ती कळू नये म्हणून तबकडी लावणारे तिच्यावरचे नाव झाकून टाकत. डेट्रॉइटच्या एखाद्या विस्मृत गायकाचा आवाज इंग्लंडात गाजत असे आणि त्याचे नाव कागदाखाली असे. आपला प्रश्न येथेही आहे.

५. मुंबई : आशा पुथली आणि इतर

१९४५ मध्ये मुंबईत जन्मलेल्या आशा पुथली यांनी हिंदुस्थानी आणि पाश्चात्त्य दोन्ही गायकीचे शिक्षण घेतले. अमेरिकेत गेल्यावर जॅझमधील बंडखोर सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांच्या ‘सायन्स फिक्शन’ (१९७२) या आल्बममध्ये त्यांनी दोन गाणी गायली. नंतर युरोपात सीबीएस कंपनीने त्यांचे स्वतःचे आल्बम काढले. ‘आशा पुथली’ (१९७३) यात जॉर्ज हॅरिसनचे ‘आय डिग लव्ह’ त्यांनी इतक्या हलक्या, कुजबुजत्या आवाजात गायले आहे की मूळ गाणे अनोळखी वाटावे. ‘द डेव्हिल इज लूज’ (१९७६) मधील ‘स्पेस टॉक’ न्यूयॉर्कच्या नृत्यगृहांत आवडते झाले आणि १९९७ मध्ये रॅपर नोटोरियस बी.आय.जी. याच्या आल्बममधील एका गाण्यात त्याचा तुकडा वापरला गेला. मींडेची सवय असलेला गळा फंकच्या तुटक ठेक्यावर कसा वावरतो, हे ऐकायचे असेल तर हा आल्बम घ्या.

मुंबईतच ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ हा संच होता. त्यांचा ‘ऑब्सेशन ’७७’ हा रॉक-फंक आल्बम त्या काळी फारशा लोकांपर्यंत पोहोचला नाही. काही दशकांनंतर परदेशी संग्राहकांच्या आवडीमुळे तो पुन्हा निघाला. या वर्तुळाचा मराठी रंगभूमीशी असलेला दुवा म्हणजे नंदू भेंडे. आत्माराम भेंडे यांचा हा मुलगा रॉक गायक होता. अलेक पदमसी यांच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्याने ज्यूडासची भूमिका केली. पुढे पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त (१९७८) त्याने अंकुश रंगवला. इंग्रजी क्लबात तयार झालेला आवाज मराठी रंगमंचावर आला, ही घटना रंगभूमीच्या इतिहासात नोंदली जाते. संगीताच्या इतिहासातही ती नोंदली जायला हवी.

६. चित्रपटातून घराघरात

भारतात फंक बहुसंख्य लोकांपर्यंत पोहोचले ते हिंदी चित्रपटातून. येथे पुन्हा बंगळूर भेटते. अभिनेता-दिग्दर्शक फिरोज खान यांचा जन्म बंगळूरचा. त्यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट ‘अपराध’ (१९७२), संगीत कल्याणजी-आनंदजी यांचे. त्यातील एक कॅबरे गीत आणि ‘डॉन’ (१९७८) मधील एक गीत, दोन्ही आशा भोसले यांच्या आवाजातील, अमेरिकेतील ब्लॅक आइड पीज या संचाने २००५ च्या ‘डोन्ट फंक विथ माय हार्ट’मध्ये वापरली. त्या गाण्याला ग्रॅमी मिळाले. सांगली जिल्ह्यात जन्मलेल्या गायिकेचा आवाज असा पुन्हा फंकच्या मायदेशी गेला.

फिरोज खान यांनीच ‘कुर्बानी’साठी (१९८०) लंडनहून बिद्दूला साद घातली. बिद्दूने एकच गाणे दिले आणि ते पंधरा वर्षांच्या नाझिया हसन या मूळच्या कराचीच्या मुलीने गायले. त्या गाण्यासाठी तिला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. १९८१ चा ‘डिस्को दीवाने’ हा नाझिया आणि तिचा भाऊ झोहेब यांचा आल्बमही बिद्दूचा. चित्रपटाविनाही हिंदी-उर्दू पॉप तबकडी विकली जाऊ शकते, हे त्याने भारत-पाकिस्तान दोन्हीकडे दाखवले. अलिशा चिनॉय यांचा ‘मेड इन इंडिया’ (१९९५) हा याच वाटेवरचा पुढचा टप्पा.

आता वेष्टनाकडे पाहा. चित्रपटाच्या तबकडीवर संगीतकार, गीतकार, गायक यांची नावे ठळक असत. बास, ड्रम, ब्रास वाजवणाऱ्यांची नावे बहुधा नसत. यात गोव्याचे ख्रिस्ती वादक मोठ्या संख्येने होते, पारशी होते आणि राहुल देव बर्मन यांच्या तालविभागाचा कणा असलेले मारुतीराव कीर यांच्यासारखे मराठी तालवादकही होते. फंक हा तालाचा खेळ. म्हणजे ज्यांनी तो खेळ खरोखर खेळला तेच वेष्टनावरून गायब. डेट्रॉइटचे फंक ब्रदर्स आणि मुंबईचे स्टुडिओ वादक यांची स्थिती या बाबतीत सारखी होती.

७. दोन वाटा, एकच वर्ष

सोल हा केवळ नाचण्याचा प्रकार नव्हता. १९६८ मध्ये जेम्स ब्राऊनने आपल्या काळेपणाचा अभिमान मोठ्याने सांगणारे गाणे काढले. १९६६ मध्ये ओकलंडला स्थापन झालेल्या ब्लॅक पँथर पक्षाचा ‘द लंपेन’ नावाचा स्वतःचा फंक संचच होता. १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आदींनी दलित पँथरची स्थापना केली, तेव्हा नाव तेथून घेतले.

मात्र एक फरक ध्यानात घ्या. पँथर हे नाव आले, पण फंक त्याच्यासोबत आले नाही. फंक आले ते छावणीच्या क्लबातून आणि पंचतारांकित हॉटेलांतून. तेथे ते मौजेचे संगीत होते. पँथरची सभा वस्तीत भरे. तिला गाणे आयात करण्याची गरज नव्हती. भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा आणि वामनदादा कर्डकांची गीते महाराष्ट्रात आधीच रुजलेली होती. अपमानाला ताल देऊन त्याचा स्वाभिमान करणे, हे जे काम अमेरिकेत सोलने केले, ते येथे जलशाने केले होते.

बंगळुरात हा फरक एकाच वर्षात दिसतो. १९७५ मध्ये लंडनहून बंगळूरच्या बिद्दूचा ‘ब्लू आइड सोल’ निघाला. त्याच वर्षी बंगळूरच्या श्रीरामपुरात वाढलेले तरुण कन्नड कवी सिद्धलिंगय्या यांचा ‘होलेमादिगर हाडु’ म्हणजे होलेय आणि मादिग जातींची गाणी हा संग्रह प्रसिद्ध झाला. दलित संघर्ष समितीच्या मोर्चांत सिद्धलिंगय्यांची गाणी लोकांच्या तोंडी होती. एका पुस्तकाच्या शीर्षकात ‘सोल’ नाही आणि दुसऱ्या तबकडीवर ते मोठ्या अक्षरांत आहे. अरीथा आणि मार्व्हिन गे यांच्या आशयाचे खरे नातलग शोधायचे तर माझ्या मते ते या पुस्तकात सापडतात. ठेक्याचे नातलग तबकडीत सापडतात. यामुळे बिद्दूचे काम हलके ठरत नाही. पॅकिंग सारखे असले तरी संगीताचा आशय आणि त्याचा आकार वेगवेगळ्या वाटांनी प्रवास करतात, एवढेच यातून दिसते.

८. कसे ऐकावे?

एका दिवसात सगळे ऐकू नका. पहिल्या आठवड्यात ‘लाइव्ह ॲट द अपोलो’ आणि ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ घ्या. दुसऱ्यात ‘सुपर फ्लाय’ आणि ‘द डेव्हिल इज लूज’. तिसऱ्यात ‘ब्लू आइड सोल’ ऐकून लगेच ‘अपराध’ आणि ‘कुर्बानी’ची गाणी लावा. प्रत्येक आल्बम दोनदा ऐका : एकदा गायकासाठी आणि एकदा आवाज विसरून फक्त बास आणि ड्रमसाठी. दुसऱ्या वेळी जे हाताला लागेल तेच या संगीताचे मर्म.

सारांश

गॉस्पेलमधून सोल आणि सोलमधून फंक जन्मले. कृष्णवर्णीयांच्या स्वाभिमानाचा उच्चार त्यांत होता. बंगळूरच्या छावणीतील आणि मुंबईच्या हॉटेलांतील तरुणांनी हे संगीत उचलले. बिद्दू आणि आशा पुथली ते पुन्हा परदेशी घेऊन गेले आणि हिंदी चित्रपटाने ते देशभर पोहोचवले. या प्रवासात वादकांची नावे बहुतेक ठिकाणी गळाली. ती शोधून काढणे हे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम आहे आणि ते तुमच्या गावापासून सुरू होऊ शकते. लग्नाच्या बँडमध्ये, चर्चच्या गायनवृंदात, जुन्या ऑर्केस्ट्रात वाजवलेली माणसे अजून भेटतात. त्यांना विचारा आणि लिहून ठेवा.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. ‘रिस्पेक्ट’ या गाण्याचा अर्थ गायक बदलल्यावर कसा बदलला?
२. फंकमधील पहिल्या मात्रेचे महत्त्व आणि आपल्या तालातील सम यांत साम्य कोणते, भेद कोणता?
३. बंगळूरच्या छावणीने पाश्चात्त्य संगीताला पोषक वातावरण कसे पुरवले?
४. घरातील किंवा ग्रंथालयातील कोणतीही एक जुनी तबकडी अथवा कॅसेट घ्या. वेष्टनावर असलेल्या आणि नसलेल्या नावांची यादी करून त्यावर एक पान लिहा.
५. आंबेडकरी जलसा आणि सोल संगीत यांची तुलना कितपत योग्य आहे? तुमचे मत कारणांसह मांडा.